मानकऱ्याची मान

एका जंगलात एक वाघ राज्य करीत असे. तुमच्याआमच्या जंगलात नव्हे हं, बालमित्रांनो. आपल्याकडे असलं काही नसतं. हे जंगल खूप लांबचं आणि गोष्टही खूप जुनी. तेव्हा निर्धास्तपणे ऐका.

वाघाचं नाव होतं करुणाकर. हे नाव त्यानं स्वतःच ठेवून घेतलं होतं. आधीचं नाव ज्यांना आठवत होतं, ते प्राणी आता उरले नव्हते.

गादीवर बसल्याबरोबर करुणाकर महाराजांनी शिकार बंद केली. "रानोमाळ धावायचं, झडपा घालायच्या, किंकाळ्या ऐकायच्या, हे सभ्य जंगलाला शोभतं का?" असं ते म्हणाले. हरणांनी आनंदानं उड्या मारल्या. शिकारीऐवजी महाराजांनी दरबार सुरू केला. सगळ्या प्रतिष्ठित प्राण्यांनी सकाळी मोठ्या कातळापुढे यायचं, ओळीनं बसायचं आणि महाराज उठेपर्यंत मान खाली घालून ठेवायची. हनुवटी छातीला टेकली पाहिजे. वर बघायचं नाही. बस्, एवढाच नियम. शिकार बंद झाली, त्या मानानं हा नियम म्हणजे काहीच नव्हे.

दरबारात मागची, मधली आणि पुढची अशा ओळी होत्या. ज्याची मान जास्त खाली, त्याची जागा जास्त पुढे. ओळी लावायचं काम कारभारी कोल्ह्याकडे होतं. त्याचं नाव नेमाजी.

सगळ्यांचा डोळा पहिल्या ओळीवर असे. तिथल्या जागा फार लवकर रिकाम्या होत.

"पहिल्या ओळीत उन्नती झटपट होते," नेमाजी सांगे. "महाराज खूष झाले की दूरच्या कामगिरीवर धाडतात."

कुठे धाडतात, हे कोणी विचारीत नसे. विचारायला मान वर करावी लागली असती.

याच दरबारात शृंगारपंत नावाचं एक सांबर होतं. त्याची शिंगं एवढी मोठी आणि जड होती, की मान खाली घालण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. यात कर्तृत्व किती आणि वजन किती, हा वेगळा प्रश्न. मोठ्या पदांच्या बाबतीत तो विचारू नये. शृंगारपंत मागच्या ओळीतून मधल्या ओळीत आला. लोक त्याला मानकरी म्हणू लागले. त्याला ते फार आवडे.

त्याचा जिवलग मित्र होता निळोबा रोही. रोही म्हणजे नीलगाय. दोघं लहानपणी एकाच पाणवठ्यावर वाढलेले. दोघांची स्वप्नंही एकच.

"पंत, मी आधी पुढे गेलो तर तुझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवीन बरं का," निळोबा म्हणे.

"आणि मी गेलो तर तुझ्यासाठी," शृंगारपंत म्हणे.

दोघंही हे एकमेकांच्या खुरांकडे बघून म्हणत. इतर कुठे बघायची सवयच राहिली नव्हती.

असं चाललं असताना शृंगारपंताची मान दुखू लागली.

आधी मानेच्या मागे नुसतं भरून आल्यासारखं होई. मग दुखणं खांद्यात उतरलं. मग पुढच्या उजव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. संध्याकाळी शिंगांच्या मुळाशी ठणके. सर्वांत वाईट म्हणजे दरबार सुटल्यावरही मान वर होईना. आवळीच्या झाडाखाली उभं राहून तो खाली पडलेले, किडके आवळे खाई. वरचे रसरशीत आवळे माकडं नेत.

त्याची बायको कुमुद एक दिवस म्हणाली, "अहो, एक विचारू?"

"विचार की."

"मला सांगा ना. माझ्या गुडघ्यांना नका सांगू. किती दिवस झाले, तुम्ही माझ्या गुडघ्यांशीच बोलताय."

शृंगारपंतानं मान वर करायचा प्रयत्न केला. कळ अशी आली, की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणीही सरळ खाली पडलं, कुमुदला दिसलं नाही.

मग उपचार सुरू झाले. अस्वलानं मानेला मधाचं तेल लावलं आणि लावता लावता निम्मं चाटून टाकलं. झाडावरच्या माकडानं "एका झटक्यात मोकळी करतो" म्हणून शिंगं धरून मान पिरगाळली. कट्ट असा आवाज झाला. माकड म्हणालं, "ऐकलंत? गेलं दुखणं." दुखणं कुठेही गेलं नव्हतं, फक्त बोलू लागलं होतं. शेवटी कोणीतरी जांभळीच्या सालीचा जाड पट्टा मानेभोवती बांधून दिला.

पट्ट्यानं मान बरी झाली नाही, पण दरबारात वजन वाढलं. नेमाजी त्याच्यासमोर थबकला.

"हे काय हो, पंत?"

"मान धरलीय जरा. महाराजांच्या सेवेत."

"वा! सेवेत मान धरली!" नेमाजीनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "निष्ठा म्हणतात ती ही."

दुसऱ्या दिवशी मधल्या ओळीतल्या निम्म्या प्राण्यांच्या मानेला पट्टे होते. तिसऱ्या दिवशी मागच्या ओळीतही आले. ज्याची मान कधी बाहेरच येत नसे, त्या कासवानं कवचाला बांधला.

शृंगारपंत सुखावला. पण कुमुद सुखावली नाही. तिनं एका सकाळी दरबाराला सुट्टी असल्याचं पाहून त्याला तळ्याकाठी ओढत नेलं.

तळ्याकाठी सारस पक्षीण वैद्यकी करीत असे. तिचं नाव मंदाकिनीबाई. मानेच्या दुखण्यातलं तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं आणि ही गोष्ट तिला चांगली ठाऊक होती. मान उंच, जीभ फटकळ.

"काय काय केलंत आतापर्यंत?" तिनं विचारलं.

शृंगारपंतानं सगळं सांगितलं.

"म्हणजे मान सोडून सगळ्यांचं भलं केलंत. तो पट्टा काढा आधी. आता दरबारात कसे बसता, ते दाखवा."

शृंगारपंत खूष झाला. ही त्याची कला होती. त्यानं खांदे पुढे टाकले, पाठीला पोक काढलं, हनुवटी छातीत रुतवली.

"किती वेळ असे बसता?"

"महाराज उठेपर्यंत."

"मग मानेला काय झालं, हे मला काय विचारता? मानेला काहीच झालेलं नाही. ती शहाणी आहे, म्हणून ओरडतेय. घरात तेवढी एकटीच शहाणी दिसते."

"एकटी नाही," कुमुद म्हणाली.

वैद्यबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं आणि चोच हलवली. मग त्या कामाला लागल्या.

"उभे राहा. खांदे कानांपासून खाली सोडा. आता पाठीवरची खांद्यांची हाडं एकमेकांकडे ओढा. मध्ये चिंचोका धरायचाय असं समजा. हां. आता हनुवटी मागे घ्या. वर नाही हो, मागे! समोर कोणी घामट प्राणी आला की आपण तोंड कसं मागे घेतो, तशी. गळ्याला वळी पडली पाहिजे."

"हे फार वाईट दिसतं," शृंगारपंत पुटपुटला.

"खाली पडलेले आवळे हुंगत फिरता, ते काय देखणं दिसतं? थोडं धरून ठेवा. सोडा. पुन्हा."

मग त्यांनी त्याला सागाच्या बुंध्याला कपाळ टेकवून अलगद रेटायला लावलं. झाडही हलता कामा नये आणि मानही. मग एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"रोज थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा. एकदम जोर नको. पायाच्या मुंग्या वाढल्या किंवा चक्कर आली तर थांबायचं आणि इकडे यायचं. शौर्य दाखवायचं नाही."

"लगेच गुण येईल ना?"

"चढायला किती दिवस लागले? मग उतरायलाही लागतील. आणि एक. दरबारात बसल्यावर मधूनमधून मान सरळ करायची."

शृंगारपंत एक पाऊल मागे सरकला. तळ्यातल्या बेडकानं पाण्यात बुडी मारली.

"दरबारात?"

"वाकते दरबारात आणि सरळ करणार तळ्याकाठी? उपयोग काय?"

"बाई, तेवढं सोडून बाकी सगळं करतो."

"तेवढं सोडून बाकी सगळं सगळेच करतात," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या रोग्याकडे वळल्या.

शृंगारपंत घरी व्यायाम करू लागला. सुरुवातीला त्याला लाज वाटे. झुडपाआड जाऊन तो हनुवटी मागे घेई. कुमुद पहारा देई. "खांदे वर चाललेत," ती सांगे. "चिंचोका पडला बघा."

हळूहळू ठणका कमी झाला. पायाच्या मुंग्या गेल्या. एका दुपारी खालचा आवळा किडका निघाला म्हणून त्यानं सहज तोंड वर केलं आणि फांदीवरचा आवळा तोडून खाल्ला. खाऊन झाल्यावर काय घडलं ते त्याच्या लक्षात आलं. तो वळला. समोर कुमुद उभी होती. तिचं तोंड त्यानं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. नाकाशेजारचे केस पांढरे झाले होते.

"कुमुद, तू म्हातारी कधी झालीस गं?"

"तुम्ही मधल्या ओळीत गेलात ना, त्याच सुमारास," कुमुद म्हणाली. पण ती हसत होती आणि शृंगारपंतानं त्या दुपारी तिच्याकडेच बघत पुष्कळ वेळ काढला.

इतकं झाल्यावर शहाण्या सांबरानं दरबार सोडला असता. शृंगारपंत मात्र मानकरी होता. घरी व्यायाम आणि दरबारात पट्टा, असा त्यानं मध्यम मार्ग काढला.

मध्यंतरी निळोबा पहिल्या ओळीत गेला होता. आणि थोड्याच दिवसांत त्याच्या शेजारचं रानडुक्कर दूरच्या कामगिरीवर गेलं. नेमाजीनं शृंगारपंताच्या पट्ट्यावर प्रेमानं पंजा ठेवला आणि त्याला पुढे नेऊन बसवलं.

"बघ, धरून ठेवली की नाही जागा?" निळोबा कुजबुजला.

शृंगारपंताला भरून आलं. कातळ इतका जवळ होता, की महाराजांच्या घोरण्याचा वारा कानाला लागत होता.

आता बालमित्रांनो, मानेची एक खोड असते. ती एकदा बरी झाली की तिला जुन्या सवयी सोसत नाहीत. ऊन वर आलं तसे शृंगारपंताचे खांदे आवळू लागले. ओळखीची कळ मानेतून निघाली. एकदाच, त्यानं मनाशी म्हटलं. कोणाला कळणार आहे? सगळे तर खाली बघताहेत. त्यानं खांद्याची हाडं जवळ ओढली, हनुवटी मागे घेतली. नजर आपोआप समोर आली.

त्याला कातळ दिसला. कातळाच्या बाजूला, झुडपात, एक ढीग दिसला. शिंगं होती, खुरं होती, एक वाकडा सुळा होता. तो रानडुकराचा. आणि जांभळीच्या सालीचे पट्टे होते, पुष्कळ.

शृंगारपंताच्या मनात पहिला विचार आला तो असा : कामगिरीवर जाताना मंडळी सामान इथंच ठेवून जातात वाटतं. इतकी वर्षं मान खाली घातल्यावर डोक्यात दुसरं काय येणार?

मग त्याला महाराज दिसले. ते कातळावरून उतरत होते. रागात नव्हते, घाईत नव्हते. स्वयंपाकघरात जावं, तसे जांभई देत चालले होते. ते निळोबासमोर थांबले. निळोबाची मान छान वाकलेली होती. ताणलेली, उघडी, स्थिर. पळत्या जनावराची मान कधी इतकी सोयीची नसते. महाराजांनी पंजा उचलला.

शृंगारपंताला दरबार आठवला नाही, ओळ आठवली नाही. त्याच्या बापानं आणि आजोबानं वाघ दिसल्यावर जे केलं असतं, तेच त्याच्या गळ्यानं केलं.

"ढाँक!"

साऱ्या रानात आवाज घुमला. सगळा दरबार दचकला. आणि सगळ्यांनी माना आणखी खाली घातल्या.

"वर बघा!" शृंगारपंत ओरडला. "अरे, वर बघा! वाघ!"

"वाघ नाही, महाराज म्हण," मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

काही जणांनी खरंच प्रयत्न केला. पण माना वर होईनात. एका चितळानं नुसते डोळे वर फिरवले, तर त्याला स्वतःच्या भुवया दिसल्या.

महाराज जरासे ओशाळले. पंजा तसाच हवेत होता. "काही नाही," ते म्हणाले. "याच्या मानेवर गोमाशी बसली होती. उडवत होतो."

"आभारी आहे, महाराज," निळोबा खालूनच म्हणाला.

"निळोबा, पळ!" शृंगारपंतानं त्याला शिंगांनी ढोसलं. "तुला खायला आलाय तो. मी बघितलंय."

"बघितलंस?" निळोबा म्हणाला. "दरबारात बघितलंस? पंत, काय केलंस हे! गप्प खाली बस. महाराज क्षमा करतील."

"अरे, ढीग पडलाय तिथं हाडांचा!"

"मला दिसत नाही."

"मान वर केलीस तर दिसेल!"

"होत नाही रे वर." निळोबानं चारही खुरं जमिनीत रुतवली. "आणि झाली तरी करणार नाही. पहिली ओळ आहे ही. इथवर यायला जन्म गेला माझा. तुला जायचं तर जा, माझी जागा घालवू नकोस."

शृंगारपंतानं त्याला पुन्हा ढकललं, पुन्हा ओढलं. रोही जागचा हलला नाही. महाराज आता शृंगारपंताकडे बघत होते. दोघांची नजरानजर झाली. वाघाच्या डोळ्यांत डोळे घालून बघणारं जनावर त्या दरबारात आजवर कोणी नव्हतं. वाघही क्षणभर गोंधळला. तेवढ्यात सांबर उडी मारून पळालं.

महाराज मागे धावले. पण बसल्या जागी जेवायची सवय लागली होती. ओढ्यापर्यंत जाता जाता त्यांना धाप लागली. ते परत फिरले. निळोबा अजून मान खाली घालून तसाच होता. पळणाऱ्याच्या पाठीमागे उगाच का धावलो, असं महाराजांना वाटलं असावं.

निळोबा रोही त्याच दिवशी दूरच्या कामगिरीवर गेला.

शृंगारपंत ओढ्यापलीकडच्या डोंगरउतारावर कुमुदला घेऊन राहू लागला. तिथं आवळीची झाडं होती आणि दरबार नव्हता. मान ठणठणीत होती. तरी पुष्कळ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. "मी आणखी जोर लावायला हवा होता," तो म्हणे.

"तुम्हाला मी तळ्यावर ओढत नेलं. तुम्ही निदान चाललात," कुमुद म्हणे. "जो चालतच नाही, त्याला कोण ओढणार?"

इकडे दरबारात चौकशी झाली. शृंगारपंतावर मानखंडनेचा आरोप ठेवून त्याला हद्दपार करण्यात आलं. तो आधीच गेलेला असल्यामुळे अंमलबजावणी चोख झाली. मंदाकिनीबाईंना पकडायला लांडगे पाठवले. त्या उडून तळ्याच्या दुसऱ्या काठावर गेल्या. लांडग्यांना वाटेत मान दुखली म्हणून ते परतले. अस्वलाला राजवैद्य नेमलं गेलं आणि त्यानं मानेचे राजमान्य व्यायाम सुरू केले. त्यात हनुवटी छातीच्या आणखी थोडी आत न्यायची असे. ते करताना महाराजांचा जयजयकार करायचा असे, म्हणजे कण्हणं ऐकू येत नसे.

असे काही महिने गेले. एका सकाळी डोंगरउतारावर कोणीतरी धडपडत चढून आलं. नेमाजी कोल्हा होता. राजमान्य व्यायामांनी मान पार छातीत गेलेली, गळ्यात पट्टा. त्याचं तोंड दिसावं म्हणून शृंगारपंताला खाली बसावं लागलं.

"पंत," नेमाजी म्हणाला, "ते व्यायाम शिकवता का मला? हनुवटी मागे घ्यायचे?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही तर ओळी लावणारे."

"मंडळी कमी पडायला लागली हो. पहिली ओळ रिकामी दिसते. महाराज काल म्हणाले, नेमाजी, आता तूच बस." कोल्हा आणखी जवळ सरकला. "काय असतं तिथं, ते मला ठाऊक आहे. मीच तर नेऊन बसवायचो."

कुमुद शेपटी उडवून निघून गेली. शृंगारपंताच्या डोळ्यांपुढे निळोबा उभा राहिला. या कोल्ह्याला शिंगावर घ्यावं, असं त्याला वाटलं. तो उठला, दोन पावलं पुढे गेला. मग त्यानं नेमाजीला सागाच्या बुंध्याशी उभं केलं.

"खांदे खाली सोडा. हनुवटी मागे. वर नाही, मागे."

नेमाजीनं जीव खाऊन प्रयत्न केला. मान केसभरही हलली नाही.

"किती दिवस लागतील?"

"काही आठवडे. नेमानं केलंत तर."

"दरबार उद्या आहे."

"मग आज पळून जा. पाय तर धड आहेत ना? ओढ्यावरून सरळ खाली उतरलात की संध्याकाळपर्यंत हद्दीबाहेर."

नेमाजीनं विचार केला. त्याला हे पटलेलं दिसलं. तो ओढ्याच्या दिशेनं थोडा चाललाही. मग थांबला.

"तसं पाहिलं तर, पंत," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आजवर कोल्ह्याच्या जातीत पहिली ओळ कोणाला मिळाली नव्हती. आमच्या घराण्यात मीच पहिला. आणि महाराजांचा माझ्यावर लोभ आहे. कदाचित मला खरोखरच कामगिरीवर पाठवायचं असेल."

त्यानं गळ्यातला पट्टा नीट केला आणि तो दरबाराच्या वाटेनं परत निघाला. वाट उताराची होती. खाली बघून चालणाऱ्याला सोपी.

तात्पर्य : मुलांनो, मानेचे व्यायाम चुकूनही करू नका. त्यानं मान सरळ होते, सरळ मानेला दिसू लागतं आणि मिळालेली जागा हातची जाते. तेव्हा शहाण्या मुलांनी मान खाली घालूनच बसावं. थोडे दिवस दुखते. मग कायमची थांबते.